तापलेला फाल्गुन आणि फुलपाखरांची चुकामूक

फेब्रुवारी संपत आला की आमच्या नात्यागोत्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पळसाचे फोटो पडायला लागतात. कुणी किनवटच्या रस्त्यावरून टाकतं, कुणी येडशीच्या घाटातून. खाली ठरलेली ओळ: "औंदा पळस लई लवकर फुटला." पाठोपाठ दुसऱ्याची: "ऊनच तसं पडायलंय ना." मग तिसरा कुणीतरी तापमानवाढीवरचा एखादा व्हिडिओ पुढे ढकलतो आणि विषय मिटतो.

मला मात्र तो तिथं मिटू द्यावासा वाटत नाही. ऊन तापलं म्हणून पळस फुटला, हे वाटतं तितकं सरळ नाही. फुलपाखरांच्या बाबतीत ते बरंचसं सरळ आहे. आणि एकाचं सरळ, दुसऱ्याचं वाकडं, यातूनच पुढची भानगड सुरू होते.

आधी आपला वसंत कोणता ते बघू

वसंतातली रानफुलं म्हटलं की युरोपातली चित्रं डोळ्यांपुढे येतात. बर्फ वितळतो, जमीन उघडी पडते, तिच्यातून फुलं वर येतात. आपल्याकडे जमिनीवरच्या रानफुलांचा खरा हंगाम श्रावण-भाद्रपदात. तेरडा, कुर्डू, तरोटा ही सगळी पावसाची लेकरं. फाल्गुन-चैत्रात जमीन भेगाळलेली असते आणि फुलं असतात ती झाडांवर: पळस, काटेसावर, पांगारा, पुढे कडुलिंबाचा मोहर आणि मग बहावा. खाली बांधाला पिवळा धोत्रा, काटेरिंगणी, रुई आणि ती कुठंही उगवणारी एकदांडी. आपल्याकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलपाखराला मध प्यायचा तर बऱ्याचदा ही एकदांडीच कामी येते. पळसाखाली फुलपाखरं शोधणाऱ्यांची निराशा होते, कारण पळसाचं मुख्य गिऱ्हाईक म्हणजे शिंजीर, मैना, बुलबुल असे पक्षी. ते जाड, वाकडं फूल चोचीसाठीच घडलंय.

कोणतं झाड केव्हा फुलतं, कोणता किडा केव्हा कोषातून बाहेर येतो, पक्षी केव्हा घरटं बांधतो, अशा वेळापत्रकांचा अभ्यास करणाऱ्या शास्त्राला फिनॉलॉजी म्हणतात. शब्द परका आहे, काम ओळखीचं. पावशा ओरडला की पेरणीची तयारी करणारा आजा हेच करत होता.

फुलपाखराचं पिग्मी खातं

फुलपाखराचं रक्त थंड असतं, म्हणजे त्याच्या अंगाचं तापमान बाहेरच्या हवेप्रमाणे वर-खाली होतं. आपण थंडीत स्वेटर घालतो आणि आतली भट्टी सुरू ठेवतो. अळीकडे भट्टीच नाही. त्यामुळे तिची वाढ हवेच्या उबेवर चालते.

तालुक्याच्या गावात राहिलेल्या माणसाला हा हिशोब पिग्मीवरून लगेच कळेल. पतपेढीचा माणूस रोज दुकानात येतो. घरखर्च भागून जे उरतं ते आपण त्याच्या हातावर ठेवतो. धंदा जोरात असला की जास्त, मंदा असला की कमी. ठरलेली रक्कम भरली की खातं पिकलं. अळीचंही असंच खातं असतं. समजा तिचा घरखर्च १० अंशांचा, म्हणजे त्याखाली वाढ थांबते. दिवसाचं सरासरी तापमान २२ अंश असेल तर त्या दिवशी खात्यात १२ जमा. आणि समजा पूर्ण वाढीला ३०० लागतात. मग २५ दिवस झाले. आता फेब्रुवारी जरा तापला आणि सरासरी २५ वर गेली, तर रोजचे १५ पडतात आणि तेच काम २० दिवसांत उरकतं. आकडे मी समजण्यापुरते घेतलेत, पण पद्धत हीच. कृषी हवामानवाले किडींचे अंदाज बांधताना अशीच बेरीज करतात.

यात दोन गोष्टी ध्यानात ठेवायच्या. तीन अंशांची वाढ आपल्याला पंखा एकने वाढवण्याइतकी किरकोळ वाटते. अळीच्या आयुष्यातले ती पाच दिवस कापून टाकते. दुसरं म्हणजे ही चढती भाजणी कायम चालत नाही. बहुतेक किड्यांची वाढ साधारण पस्तिशीच्या पुढे उलट मंदावते, अंडी सुकतात, अळ्या मरतात. म्हणजे तापलेला फेब्रुवारी फुलपाखराची घाई करतो आणि तापलेला मे त्याच फुलपाखराचा गळा धरतो. म्हणूनच अनेक जाती भर उन्हाळ्यात कोषाच्या पेटीत, नाहीतर सावलीच्या कपारीत गप्प बसून मृगाची वाट बघतात.

मोसंबीच्या बागेत हे डोळ्यांनी दिसतं. लिंबोणीवरचं काळं-पिवळं फुलपाखरू सगळ्यांनी पाहिलेलं असतं. त्याची लहान अळी अगदी पाखराच्या विष्ठेसारखी दिसते, म्हणून पक्षी तिला सोडून देतात. उबदार दिवसांत अंड्यापासून फुलपाखरापर्यंतचा प्रवास महिन्याभरात होतो. थंडीत त्यालाच दोन महिने लागू शकतात.

झाडाचं घड्याळ पाण्यावर चालतं

आता झाडाकडे या. आणि इथं मी पुस्तक बाजूला ठेवून मामांच्या बागेत जातो, कारण मला हा भाग कळला तो तिथं.

मामांची अंबड तालुक्यात मोसंबी आहे. आंबे बहार, म्हणजे आंब्याच्या मोहराच्या दिवसांत येणारी मोसंबीची फुलं, धरायचा तर डिसेंबरात बागेचं पाणी तोडायचं. त्याला ताण देणं म्हणतात. काळी भारी जमीन असेल तर ताण जास्त दिवस लागतो, हलक्या जमिनीत कमी. पानं मलूल होतात, थोडी गळतात. मग जानेवारीत ताण सोडायचा, म्हणजे पाणी द्यायचं, की थोड्याच दिवसांत फुलं आणि नवती, म्हणजे नवी कोवळी पालवी, एकदम फुटते. एकदा मी भाबडेपणानं विचारलं, "मामा, ऊन वाढल्यामुळे फुटते का नवती?" मामा म्हणाले, "उन्हानं काय होतंय बाबा? पाणी आम्ही सोडतो तवा फुटती."

पळसही थोड्याफार फरकानं असंच करतो, फक्त त्याचं पाणी तोडायला कुणी माणूस लागत नाही. पाऊस संपून जमीन कोरडी पडली की तो पानं टाकतो. पानं गेली की पाण्याचा उडून जाणारा खर्च थांबतो. खोल मुळं जे काही थोडं पाणी ओढतात ते फांद्यांत साठतं, फांद्या तरारतात आणि कळ्या उघडतात. म्हणजे ज्या वर्षी परतीच्या पावसानं दगा दिला त्या वर्षी जमीन लवकर सुकून पानझड लवकर होऊ शकते आणि फुलंही लवकर येऊ शकतात. उन्हानं मदत केली असेल, पण मूळ कारण तहान असू शकतं. व्हॉट्सॲपवरचा "लवकर फुटलेला" पळस दरवेळी उष्णतेचीच साक्ष देतो असं धरून चालता येत नाही.

आंब्याचं तर उलटंच. कळी धरायला आंब्याला गारव्याच्या रात्री लागतात. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री उबदार राहिल्या तर त्याच फांदीला मोहराऐवजी पालवी फुटते, किंवा मोहर मागे पडतो, नाहीतर तुकड्यातुकड्यांत येतो. आपल्याकडचे केसर लावलेले शेतकरी याची रड दरवर्षी गातात. ऊब म्हणजे सगळंच लवकर, हा समज आंबा एका फटक्यात मोडतो.

आणि एक घड्याळ कुणालाच फिरवता येत नाही

तिसरं घड्याळ दिवसाच्या लांबीचं. मराठवाड्यात सगळ्यात लहान दिवस सुमारे अकरा तासांचा, सगळ्यात मोठा सव्वातेरा तासांच्या आसपास. फरक लहान, पण अनेक झाडं आणि किडे तो ओळखतात. हे घड्याळ पृथ्वीच्या कलण्यावर चालतं. फेब्रुवारी कितीही तापो, २० फेब्रुवारीचा दिवस दरवर्षी तेवढ्याच लांबीचा.

म्हणजे एकाच बांधावर उबेवर, पाण्यावर आणि उजेडावर चालणारी घड्याळं शेजारी शेजारी लावलेली आहेत. हजारो वर्षांत त्यांचा मेळ बसला. हवामान तापतं तेव्हा ती सगळी एकदम पुढे सरकली असती तर फारसं बिघडलं नसतं. लग्नाचा मुहूर्त सगळ्यांसाठीच आठ दिवस अलीकडे आला, एवढंच. पण सरकतं ते मुख्यतः उबेचं. वऱ्हाड आलं आणि मांडवाला अजून खांब रोवायचेत, अशी गत होते.

"लवकर आलं तर बिघडलं काय?"

फुलपाखराला मध मिळण्याची एवढी चिंता नसते; एकदांडी नाही तर रिंगणी, रिंगणी नाही तर घाणेरी. मोठं फुलपाखरू दहा दुकानं हिंडणारं गिऱ्हाईक आहे. अळी मात्र हट्टी. लिंबोणीवरच्या फुलपाखराची मादी लिंबू-मोसंबीच्या कुळातल्याच झाडांवर अंडी घालते: लिंबू, मोसंबी, बेल, कवठ, कढीपत्ता. तेही कोवळी नवती बघून, कारण जून झालेलं चिवट पान लहान अळीला चावत नाही.

आता असं समजा की जानेवारीतच गरमी झाली आणि कोषातून फुलपाखरं लवकर निघाली. विहिरीला पाणी कमी म्हणून बागेचा ताण यंदा लांबलाय. बेलानं पानं टाकायला सुरुवात केलीय. मादी फिरते फिरते आणि शेवटी कुणाच्यातरी परसात सांडपाण्यावर वाढलेल्या कढीपत्त्यावर सगळी अंडी उतरवते. तिथं कोवळी पानं किती? अळ्यांची आपसातच ओढाताण. याला मराठीत चुकामूक यापेक्षा चांगला शब्द मला सापडलेला नाही. दोघंही आले, पण एका वेळी आले नाहीत.

हे निव्वळ कल्पनेचं नाही. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडे एडिथ्स चेकरस्पॉट नावाचं एक फुलपाखरू आहे. उष्ण, कोरड्या वर्षी तिथली छोटी रोपं अळ्या पुरेशा मोठ्या होण्याआधीच वाळून जातात आणि अळ्या उपाशी मरतात. याचा अभ्यास तिथं अनेक वर्षं झालाय.

मामांना मी हे सांगितलं तेव्हा ते मोकळेपणानं हसले. "अळी उपाशी मेली तर आमचं बरंच हाय की." त्यांचं चूक नाही. खरं तर आपलं कृषी खातं हीच चुकामूक हत्यार म्हणून वापरतं. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीनं कपाशीची काय दशा केली ते परभणी-जालन्यात कुणाला सांगायला नको. तेव्हापासून दरवर्षी कानीकपाळी ओरडलं जातं: फरदड घेऊ नका, म्हणजे वेचणी झालेली कपाशी पाणी देऊन पुढे लांबवू नका, मान्सूनपूर्व कपाशी लावू नका. कारण बोंडात, कवडीत झोपलेल्या अळीचे पतंग उन्हाळ्याच्या अखेरीस बाहेर येऊ लागतात. तेव्हा शेतात पातं-फूल नसेल तर त्यांच्या पुढच्या पिढीला खायला काही नाही. लवकर लागवड केली की आपणच त्यांचं ताट वाढून ठेवतो.

पण हे हत्यार दोन्हीकडून कापतं. पिग्मीचं खातं किडीचंही असतं. हिवाळा ऊबदार झाला की तिच्या पिढ्याही झटपट पिकतात. अळीत अंडी घालून तिला मारणाऱ्या बारीक गांधीलमाश्यांचं खातं वेगळं, त्यांचा घरखर्च वेगळा. किडीचं आणि तिच्या वैऱ्याचं वेळापत्रक सारखंच सरकेल याची हमी कुणी दिलेली नाही.

"आपल्याकडे ऊन काय नवीन आहे?"

नांदेड-परभणीच्या माणसाला बेचाळीस-त्रेचाळीस अंश म्हणजे रोजची भाकरी, हे खरंच. पण मे किती तापला हा इथला प्रश्न नाही. झाडं आणि फुलपाखरं हालचाल ठरवतात ती त्याआधीच्या दोन-तीन महिन्यांत, आणि तेच महिने बदलताहेत. हवामान खात्याच्या १९०१ पासूनच्या नोंदींत कमाल तापमानाच्या देशव्यापी सरासरीनं मार्च २०२२ हा तोवरचा सगळ्यात तापलेला मार्च ठरला आणि फेब्रुवारी २०२३ हा तोवरचा सगळ्यात तापलेला फेब्रुवारी.

उष्णतेनं फुलांचा शेवटही अलीकडे येतो, याकडे फारसं कुणी बघत नाही. पहिलं फूल उमलल्याचा फोटो सगळे काढतात. ऊन कडक असलं की फुलं लवकर कोमेजतात, मध आटतो, चार आठवड्यांचा बहर तीनवर येतो. फुलपाखराच्या दृष्टीनं दुकान केव्हा उघडलं यापेक्षा ते किती दिवस उघडं होतं हे महत्त्वाचं.

"मागच्या पाडव्याला लिंबाला फुलं होती, औंदा नव्हती"

हा आक्षेप मला सगळ्यात आवडतो, कारण त्यात निरीक्षण खरं असतं आणि निष्कर्ष फसतो. गुढीला आणि प्रसादाला कडुलिंब लागतो, त्यामुळे घराघरात ही नोंद आपोआप होते. पण पाडवा चंद्राच्या पंचांगावर चालतो आणि अधिक मास येईपर्यंत दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो. २०२४ चा पाडवा ९ एप्रिलला होता, २०२५ चा ३० मार्चला, २०२६ चा १९ मार्चला. दोन वर्षांत तीन आठवड्यांचा फरक! लिंब बिचारा जागच्या जागी असेल. सण पुढे-मागे झाला. होळीच्या पळसाचंही तेच.

आपल्या पूर्वजांनी सणाला चंद्र आणि शेतीला सूर्याची नक्षत्रं अशी वाटणी केली ती उगाच नाही. मृग दरवर्षी ७-८ जूनलाच लागतो. फुलांची नोंद ठेवायची तर इंग्रजी तारखेवर ठेवावी, नाहीतर अधिक मासाच्या गणितात हवामान बदल सापडल्याचा भास होतो.

एका वर्षावरूनही काही म्हणू नये. २०१४ च्या फेब्रुवारीअखेर आणि मार्चमध्ये मराठवाड्यात जी गारपीट झाली तिनं बागा झोडपून काढल्या. त्या वर्षाची नोंद काढून कुणी "मोहर संपण्याची तारीख" काढली तर ती गारांची तारीख निघेल. लांबची नोंद काय सांगू शकते याचा नमुना जपानात आहे. क्योटो शहरातल्या चेरीच्या बहराच्या तारखा नवव्या शतकापासूनच्या मिळतात, दरबारी रोजनिश्यांतून, सणसमारंभांच्या टिपणांतून. २०२१ साली बहर २६ मार्चला आला, तोवरच्या सुमारे बाराशे वर्षांतला सगळ्यात लवकरचा. इतक्या लांब दोरीवर एखादं उष्ण वर्ष आणि खरा कल यांतला फरक दिसतो. आपल्याकडे अशी दोरी नाही. देशपातळीवर सीझनवॉच नावाचा उपक्रम सामान्य लोकांकडून झाडांच्या नोंदी गोळा करतो, त्यात कडुलिंब, बहावा, आंबा ही आपली झाडंही आहेत. शाळांसाठी तर हे फारच सोपं काम आहे. मैदानातलं एक झाड धरायचं आणि आठवड्यातून एकदा बघायचं.

"फुलपाखरं कमी झाली ती औषधांनी"

बरोबर. यात मी वाद घालणार नाही. बांधावर तणनाशक मारलं की तरोटा गेला, रुई गेली. तरोट्यावर आणि तरवडावर पिवळट-पांढऱ्या एमिग्रंट फुलपाखरांच्या अळ्या पोसतात, रुईवर केशरी प्लेन टायगरच्या. झाडच नाही तर वेळापत्रक कशाचं जुळवता? माझ्या मते मराठवाड्यात आज तरी बांध साफ करण्याचा फटका उष्णतेपेक्षा मोठा असावा.

पण दोन्ही संकटं एकमेकांना हात देतात. दहा बांधांवर रुई असेल तर एखाद्या वर्षीची चुकामूक कुठंतरी सावरते. ओढ्याकाठची रुई अजून कोवळी असते, माळावरची जून झालेली. ओल वेगळी, सावली वेगळी, म्हणून वेळही वेगळी. सगळीकडे एकच पीक, एकच बांध, एकच वेळ अशी परिस्थिती झाली की लवकर निघालेल्या फुलपाखराला दुसरा दरवाजा उरत नाही.

मामांच्या पावत्या

यंदा अंबडला गेलो तेव्हा मी मामांना विचारलं, नवती केव्हा फुटते याची काही नोंद आहे का. "नोंद कशाची ठेवतो आम्ही," म्हणाले. मामीनं आतून आवाज दिला, "ती कॅलेंडरं हायती की कपाटावर." भिंतीवरून उतरवलेली जुनी कॅलेंडरं ती फेकत नाही, त्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर दुधाचा हिशोब लिहिते. पुढच्या बाजूला मामांच्या अक्षरात जानेवारीच्या चौकटीत लिहिलेलं होतं: "ताण सोडला." कुठं "फूल." वर्षामागून वर्षं, इंग्रजी तारखेसकट.

आणि फुलपाखराची बाजू? ती कृषी सेवा केंद्राच्या पावत्यांत निघाली. पानं खाणारी अळी दिसली की मामा फवारणीचं औषध आणतात आणि पावती त्याच कॅलेंडराच्या खिळ्याला टोचून ठेवतात. म्हणजे नवती केव्हा आणि अळी केव्हा, दोन्ही तारखा एका खिळ्यावर. मी आठ वर्षांच्या लावून ठेवल्या. मधल्या दोन वर्षांच्या पावत्या उंदरांनी नेल्या होत्या. मामा म्हणाले, "दुकानदाराकडं दुसरी प्रत असती. सोमवारी बाजाराला जाऊ तवा विचारू."